श्वानाचा अपस्मार, औषधाचा अर्धायुकाल आणि आपली अर्धवट मोजणी

आपल्या देशातील विज्ञानविषयक बातम्यांत कुत्रा येतो तो बहुतेक वेळा आरोपी म्हणून. रेबीज, चाव्यांची संख्या, निर्बीजीकरणाची मोहीम, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन आदेशांवरचा गदारोळ, एवढ्यातच हा विषय संपतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने भटक्या कुत्र्यांचा आकडा १ कोटी ५३ लाख सांगितला. पाळीव कुत्री त्याहून वेगळी. एवढ्या मोठ्या प्राणिसंख्येला स्वतःचे असे काही आजार असतील, त्यांतील काही औषधाने आटोक्यात येत असतील आणि त्या औषधांमागे शिकण्याजोगे विज्ञान असेल, हा विचार बातमीपर्यंत पोहोचतच नाही. असाच एक आजार म्हणजे अपस्मार. बोलीभाषेत फेफरे, फीट किंवा आकडी.

प्रथमच स्पष्ट करतो, मी पशुवैद्य नाही. माझी डॉक्टरेट भौतिकशास्त्रातील आहे आणि येथे मांडलेले मत त्याच खिडकीतून पाहिलेले आहे. कोणत्याही कुत्र्याची मात्रा या लेखावरून ठरवू नये. मात्र ती मात्रा तशीच का ठरते, हे समजून घेण्यास पदवीची अट नाही. बारावीचा किरणोत्सर्गाचा धडा पुरेसा आहे.

माझे मत थोडक्यात असे: श्वानांच्या अपस्मारात औषधे कमी पडतात त्याहून अधिक वेळा आपली मोजणी कमी पडते. वेळेची मोजणी, रक्तातील औषधाची मोजणी, झटक्यांची मोजणी आणि देशपातळीवर रुग्णांची मोजणी.

शेवटच्या मोजणीपासून सुरुवात करू, कारण ती माझ्या घराजवळची आहे. बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका म्हटले की लोकांना वायुदलाचा तळ आणि एरो इंडियाची विमाने आठवतात. त्याच येलहंक्यात, रामगोंडनहळ्ळी येथे, भारतीय कृषी संशोधन परिषदेची ‘निवेदी’ ही संस्था आहे: राष्ट्रीय पशुरोग साथविज्ञान व रोगमाहिती संस्था. देशभरातून येणाऱ्या नोंदी, पाऊस, तापमान, जमिनीची स्थिती यांची सांगड घालून कोणत्या जिल्ह्यात कोणता पशुरोग येत्या दोन महिन्यांत डोके वर काढील, याचा अंदाज येथून दिला जातो. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांसारखे रोग त्या यादीत असतात. काम उत्तम आहे आणि गायीगुरांवर पोट असलेल्या देशाने आधी गुरांचे रोग मोजावेत हेही योग्यच. परंतु अपस्मार संसर्गजन्य नाही, त्याची साथ येत नाही, कुत्रा दूध देत नाही. म्हणून जो आजार साथीच्या जाळ्यात सापडत नाही तो राष्ट्रीय आकडेवारीतही सापडत नाही. ब्रिटनमधील प्राथमिक पशुदवाखान्यांच्या नोंदींवरून तेथील कुत्र्यांत अपस्माराचे प्रमाण हजारी सुमारे सहा आढळले. हा दर उचलून आपल्या १ कोटी ५३ लाखांना गुणणे अशास्त्रीय ठरेल, कारण जाती वेगळ्या, आयुर्मान वेगळे, आणि लसीकरणाअभावी आपल्याकडे डिस्टेंपरसारख्या विषाणुजन्य रोगाने येणारे झटकेही बरेच.

हा शेवटचा मुद्दा निदानाच्या दृष्टीने कळीचा आहे. झटका हे लक्षण, अपस्मार हा आजार. झटका डिस्टेंपरने येतो, उंदराच्या विषाने येतो, गोचिडांसाठी वापरलेल्या कीटकनाशकाच्या अतिरेकाने येतो, लहान पिल्लात रक्तशर्करा घसरल्याने येतो, दूध पाजणाऱ्या कुत्रीत कॅल्शियम उतरल्याने येतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात मेंदूतील गाठीमुळेही येतो. हे सारे वगळल्यावर, सहा महिने ते सहा वर्षे या वयात पहिला झटका आलेला आणि दोन झटक्यांच्या मध्ये पूर्णतः ठणठणीत असलेला जो कुत्रा उरतो, त्याच्या आजाराला मूलोद्भव किंवा ‘इडिओपॅथिक’ अपस्मार म्हणतात. २०१५ मध्ये पशुअपस्माराच्या आंतरराष्ट्रीय कृतिगटाने यासंबंधीची एकमताची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. औषध केव्हा सुरू करावे याचाही ठोकताळा त्यांत आहे: सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके, किंवा एकाच दिवसात झटक्यांची मालिका, किंवा पाच मिनिटांहून लांबलेला झटका, किंवा झटक्यानंतरची भ्रमिष्ट अवस्था दिवसभराहून अधिक टिकणे. एकुलत्या एका झटक्यावर जन्मभराची गोळी सुरू करत नाहीत. दुसरीकडे, ‘बघू, आपोआप थांबेल’ म्हणत वर्ष घालवणेही बरे नव्हे.

आता औषधांकडे. यांचा इतिहास मोठा गमतीदार आहे. पोटॅशियम ब्रोमाइडचा अपस्मारावरील उपयोग १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी नोंदवला. फिनोबार्बिटोनचा गुण १९१२ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या ध्यानी आला, तोही ओघात: रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून दिलेल्या औषधाने त्यांचे झटकेच कमी झाले. माणसांच्या उपचारातून ब्रोमाइड जवळपास बाद झाले, फिनोबार्बिटोनही बरेच मागे पडले. श्वानांत मात्र हीच दोन म्हातारी औषधे आजही आघाडीवर आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने श्वानांच्या अपस्मारासाठी ब्रोमाइडच्या गोळीला सशर्त मान्यता दिली ती २०२१ मध्ये आणि फिनोबार्बिटोनला डिसेंबर २०२३ मध्ये. शतकभर जुन्या रेणूंना आपल्या हयातीत मिळालेली ही मान्यता.

नवी, अधिक सुटसुटीत मानवी औषधे कुत्र्याला का चालत नाहीत? येथे अर्धायुकाल येतो. शरीरातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल, युरेनियमला लावतो तोच शब्द आणि तेच समीकरण. फेनिटॉइन हे माणसांतील नावाजलेले औषध. १९३८ मध्ये ते पुढे आले ते मांजरांवरील प्रयोगांतून. माणसात त्याचा अर्धायुकाल साधारण एक दिवसाचा, कुत्र्यात अवघा चार तासांच्या आसपास. दिवसातून दोनदा गोळी दिली तर दोन मात्रांमधील बारा तासांत तीन अर्धायुकाल उलटतात आणि रक्तात उरतो आठवा हिस्सा. व्हॅल्प्रोएटची गत याहून वाईट, दोन तासांच्या आतबाहेर. म्हणजे ‘माझ्या काकांना ही गोळी लागू पडली, टॉमीलाही अर्धी देऊन पाहू’ हा शेजारधर्म घातांकी ऱ्हासाच्या नियमापुढे टिकत नाही. कुत्र्याचे यकृत हे माणसाच्या यकृताची छोटी आवृत्ती नाही. लेव्हेटिरासेटाम हे नवे औषध श्वानांत उपयोगी आहे, पण त्याचाही अर्धायुकाल तीन-चार तासांचा असल्याने ते दर आठ तासांनी द्यावे लागते, आणि नोकरी करणाऱ्या घरात दुपारची मात्रा कोण देणार, हा प्रश्न औषधशास्त्राइतकाच खरा असतो.

फिनोबार्बिटोनचे गणित याउलट. अर्धायुकाल दोन दिवस धरला तर बारा तासांनंतरही ८४ टक्के औषध शिल्लक राहते. रक्तातील पातळी जवळजवळ सपाट. मात्र या सपाटीत एक खोच आहे आणि विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी. हे औषध स्वतःलाच फोडणारी यकृतातील विकरे वाढवते. निरोगी कुत्र्यांवरील एका अभ्यासात पहिल्या दिवशी सुमारे ८९ तास असलेला अर्धायुकाल नव्वदाव्या दिवशी ४७ तासांवर आला. युरेनियमचा अणू असे कधी करत नाही! समीकरण तेच, पण त्यातील स्थिरांक काळानुसार सरकतो. परिणाम असा की मात्रा तीच, कुत्रा तोच, वेळाही चुकलेली नाही, तरी दोन महिन्यांनी रक्तातील पातळी खाली येते आणि झटके परततात. मालक म्हणतो, ‘औषधाची सवय झाली.’ प्रत्यक्षात बहुधा मात्रा अपुरी झालेली असते. म्हणूनच रक्ततपासणी दोन आठवड्यांनी, मग साधारण सहा आठवड्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने करावी असे सांगितले जाते. मिलिलिटरमागे १५ ते ४० मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण पट्टी, त्यातही २५ ते ३० हा बऱ्याच कुत्र्यांत इष्ट टप्पा, आणि ३५-४० च्या वर यकृताला धोका. ही तपासणी माणसांच्या मोठ्या प्रयोगशाळांतही होते. नमुना मात्र साध्या नळीत घ्यावा. रक्तद्रव वेगळे करणाऱ्या जेलच्या नळीत औषध शोषले जाऊन आकडा खोटा कमी येऊ शकतो. एवढ्याशा कारणाने मात्रा विनाकारण वाढू शकते, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदवला.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा पेंगतो, मागचे पाय लटपटतात, भूक, तहान आणि लघवी वाढते. पेंग बहुधा ओसरते, भूक राहते. अनेक जण याच टप्प्यावर ‘औषधाने कुत्र्याची रया गेली’ म्हणत गोळी एकाएकी बंद करतात. या औषधाबाबत त्याहून धोकादायक कृती नाही. सवय झालेल्या मेंदूवरील दाब अचानक उठला की झटक्यांची मालिकाच सुटते. कमी करायचे तेही वैद्याच्या सांगण्याने, काही महिन्यांत, पायरीपायरीने.

ब्रोमाइडची कथा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक आवडेल. ब्रोमाइड आणि क्लोराइड हे एकाच गटातील आयन, भार तोच, आकार जवळपास सारखा. मूत्रपिंडाला त्यांतील फरक फारसा कळत नाही. त्यामुळे ब्रोमाइड सावकाश बाहेर पडते, अर्धायुकाल सुमारे २४ दिवस. पाच अर्धायुकालांनी स्थिर पातळी येते असे धरले तर चार महिने झाले! पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ असा निकाल देणारा मालक चढत्या वक्राच्या पायथ्याशीच उभा असतो. आणि आहारात मीठ वाढले की मूत्रपिंड जादा क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही फेकून देते, पातळी उतरते. आपल्याकडे कुत्र्याचे ताट घरच्या स्वयंपाकाशी जोडलेले असते. एरवी दहीभात खाणाऱ्या कुत्र्याला लग्नघरात आठवडाभर शेव-पापड आणि मसालेदार रस्सा मिळाला, तर औषधाची एकही मात्रा न चुकता औषध कमी पडू शकते. मीठ कमी करावे असे नव्हे, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. आणखी एक गंमत: प्रयोगशाळेचे यंत्रही मूत्रपिंडासारखेच फसते, ब्रोमाइडला क्लोराइड समजते आणि अहवालात क्लोराइड भरमसाट वाढल्याचे दाखवते. मांजराला मात्र ब्रोमाइड देऊ नये, त्याच्या फुप्फुसांना ते बाधते.

आता झटक्यांची मोजणी, आणि येथे माझा सूर थोडा कडक होणार आहे. ‘अमुक तेलाने, तमुक थेंबांनी आमच्या कुत्र्याची फीट गेली’ अशा साक्षी समाजमाध्यमांवर उदंड आहेत. त्या खोटेपणाने लिहिलेल्या असतात असे मी म्हणत नाही. महिन्याला सरासरी एक झटका येणारा कुत्रा घ्या. झटके निव्वळ यदृच्छेने येतात असे मानले तर एखादा महिना कोरडा जाण्याची शक्यता ३७ टक्के, सलग दोन महिने कोरडे जाण्याची १३.५ टक्के. म्हणजे काहीही न देता दर सात-आठ कुत्र्यांतील एकाला दोन महिने ‘गुण’ येणारच. त्यात नवा उपाय आपण सुरू करतो तो सर्वांत वाईट महिन्यानंतर, आणि सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा बराच असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तीन चाचण्यांतील २८ कुत्री पाहिली गेली, ज्यांना औषधाऐवजी केवळ निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली होती. त्यांतील २२ कुत्र्यांचे झटके कमी झाले आणि आठांचे तर निम्म्याहून खाली आले. कुत्र्याला गोळीवर श्रद्धा नसते. श्रद्धा मालकाची, आणि उरलेले काम संख्याशास्त्राचे. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: २०१२ च्या एका तुलनात्मक चाचणीत फिनोबार्बिटोनवरील २० पैकी १७ कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबले, ब्रोमाइडवरील २३ पैकी १२ कुत्र्यांचे. चाचणी लहान आहे, आणि सर्व रुग्णांचा विचार करता सुमारे एकतृतीयांश कुत्री औषधांना पुरेशी दाद देत नाहीत हेही तितकेच खरे. तरीही तुलना झाली ती मोजून. म्हणूनच ‘झटके थांबले’ असे म्हणण्यासाठी कसोटी अशी सुचवली जाते की उपचारापूर्वीच्या सर्वांत लांब विश्रांतीच्या तिप्पट काळ, आणि किमान तीन महिने, एकही झटका येऊ नये.

कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या जुन्या तोडग्याचे रहस्यही तेच. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपसूक थांबतात, कांदा आणेपर्यंत वेळ झालेलीच असते. कांदा कुत्र्याच्या पोटात गेला तर मात्र त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, हे वेगळे. खोबरेल तेलाचाही अलीकडे बोलबाला आहे. मध्यम साखळीच्या मेदाम्लांचा आहार काही कुत्र्यांत पूरक ठरतो असे २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले, पण त्यातील उपयुक्त आम्ले आठ आणि दहा कार्बनांची. खोबरेलात मोठा वाटा बारा कार्बनांच्या लॉरिक आम्लाचा. नाव तेच घेतल्याने गुण तोच येत नाही.

व्यवहारातील अडचण औषधाच्या दुकानात सुरू होते. फिनोबार्बिटोन १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या कायद्यातील सूचीत आहे, त्यामुळे चिठ्ठीविना मिळू नये हे रास्त. पण चिठ्ठी पशुवैद्याची, रुग्णाचे नाव ‘ब्रुनो’, आणि वीस किलोच्या जिवाला दिवसाकाठी शंभर मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाइतकी मात्रा! आमच्या भागातील एका दुकानदाराने शेजाऱ्यांना चिठ्ठी परत दिली, ‘कुत्र्यासाठी एवढी नसते’ म्हणून. त्याचे चुकले, पण त्याला दोष कसा द्यावा? किलोमागे दोन-अडीच मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ही सुरुवातीची मात्रा त्याला कोणी शिकवलेलीच नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्राण्यांच्या मात्रांचा एक तास तरी असावा. आणि मानवी द्रवरूप औषधे कुत्र्याला परस्पर देऊ नयेत, त्यांपैकी काहींत गोडीसाठी झायलिटॉल असते आणि ते कुत्र्याला विष आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय? त्याला झटका आला की जमाव ‘पिसाळला’ म्हणतो आणि दगड उचलतो. येथे दोन्ही बाजू नीट सांगायला हव्यात. रेबीजमध्येही झटके येऊ शकतात, म्हणून अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये, लाळेला स्पर्श करू नये. चावा झालाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यावी, कुत्र्याला अपस्मार असेल असा तर्क करत बसू नये. पण रेबीजची लक्षणे दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतोच; झटक्यानंतर तासाभरात उठून पूर्ववत शेपटी हलवणारा आणि महिनोन्महिने जगणारा कुत्रा रेबीजचा नव्हे. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्यता दिलेली रेबीजची संदर्भ प्रयोगशाळा आहे, येलहंक्याहून हाकेच्या अंतरावर. शंका फेडण्याची सोय शहरात आहे, दगड हा निदानाचा मार्ग नाही.

घरच्या कुत्र्याला झटका आला तर आसपासचे टेबल-खुर्ची बाजूला करावे, घड्याळ लावावे, जमल्यास चित्रफीत घ्यावी. तोंडात बोट किंवा चमचा घालू नये, कुत्रा जीभ गिळत नाही. पाच मिनिटे ओलांडली तर दवाखाना गाठावा, कारण लांबलेल्या झटक्यात शरीराचे तापमानही धोक्याच्या पातळीवर चढते. २०१७ च्या एका चाचणीत नाकातून दिलेल्या मिडॅझोलॅमने ७० टक्के कुत्र्यांचे झटके थांबले, गुदमार्गे दिलेल्या डायझेपामने २० टक्के. असा फवारा माणसांसाठी आपल्याकडे मिळतो. घरी ठेवावा का आणि किती द्यावा, हे पशुवैद्याला आधीच विचारून ठेवलेले बरे, मध्यरात्री नव्हे.

आता मागणी. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार पैदास करणाऱ्यांना नोंदणी आणि नोंदवही बंधनकारक आहे. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, बीगल या आपल्याकडे लोकप्रिय जातींत अपस्माराचा आनुवंशिक कल ज्ञात आहे. मग त्या नोंदवहीत ‘झटके: आहेत / नाहीत’ असा एक रकाना का नसावा? पिल्लू विकत घेणाऱ्याने तो पाहण्याचा आग्रह का धरू नये? आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत, परळपासून हेब्बाळपर्यंत, येणाऱ्या प्रत्येक अपस्मारी कुत्र्याची जात, वय, लसीकरण, मात्रा, रक्तातील पातळी आणि झटक्यांच्या तारखा एका सामाईक तक्त्यात भरल्या गेल्या, तर तो तक्ता सांभाळण्याचे कौशल्य येलहंक्यातच आहे. जिल्हावार घटसर्पाचा अंदाज बांधणाऱ्यांना हे अवघड नाही. सुरुवात चार-पाच महाविद्यालयांपासून, एका वर्षासाठी करता येईल, आणि तीत संख्याशास्त्राचे विद्यार्थी हवे असतील तर बंगळुरूत त्यांची वाण नाही.